आठ पौंडांची इस्त्री

सॅन फ्रान्सिस्कोत थर्ड स्ट्रीटवर 'यिक वो' नावाची लाँड्री होती. मालक ली यिक. १८६१ साली तो चीनहून कॅलिफोर्नियात उतरला आणि बावीस वर्षं एकाच लाकडी इमारतीत लोकांचे कपडे धूत राहिला. १८८४ साली शहराच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी जागा तपासून चुली आणि इस्त्र्या तापवायची व्यवस्था ठीक असल्याचा दाखला दिला. आरोग्य खात्यानंही सांडपाण्याची सोय बरी असल्याचं लिहून दिलं. पुढच्या वर्षी तो परवाना मागायला गेला, तेव्हा शहराच्या कारभारी मंडळानं नाही म्हटलं. त्यानं दुकान चालूच ठेवलं. अटक झाली, १० डॉलर दंड झाला. दंड भरला नाही तर एका डॉलरला एक दिवस कैद, असा हिशेब होता. ली यिकनं दंड भरला नाही. तुरुंगाच्या दप्तरात त्याचं नाव चढलं 'यिक वो'. दुकानावरची पाटी हेच माणसाचं नाव, असं सरकारनं धरलं.

१८८० च्या शहर कायद्यानुसार लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर मंडळाची परवानगी लागे. शहरात तेव्हा सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यातल्या ३१० लाकडीच, आणि २४० चिनी माणसांच्या. दोनशे चिनी मालकांनी अर्ज केले, दोनशेही नामंजूर झाले. बाकीच्या ऐंशीएक अर्जदारांपैकी एक बाई सोडून सगळ्यांना परवाना मिळाला. कायद्यात चिनी हा शब्द कुठेही नव्हता. लाकूड होतं, आग होती, सुरक्षितता होती. ज्यांनी नगरपालिकेच्या चकरा मारल्या आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो एकट्या ली यिकच्या ऐपतीवर जाणं शक्य नव्हतं. त्यामागे 'तुंग हिंग तोंग' हा लाँड्रीवाल्यांचा संघ होता. दोन दुकानांमध्ये किती अंतर असावं, धुलाईचे दर काय असावेत हे हा संघ ठरवायचा, आणि वेळ आली की वर्गणी काढून नामांकित गोरे वकीलही उभे करायचा. १० मे १८८६ रोजी न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज यांनी एकमतानं झालेला निकाल लिहिला: कायदा कागदावर कितीही निःपक्षपाती दिसला, तरी तो राबवताना भेद केला तर तो भेदच. आणि घटनेचं समान संरक्षण नागरिकांपुरतं नाही, तिथं राहणाऱ्या प्रत्येक माणसाला आहे. ली यिक अमेरिकेचा नागरिक नव्हता. होऊही शकत नव्हता.

चिनी, जपानी, कोरियन माणसं धंद्यात पुढे का, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे: कन्फ्यूशियस, काटकसर, कष्ट, कुटुंब. आपल्याकडे 'त्यांच्या रक्तातच धंदा आहे' असं गुजराती-मारवाड्यांबद्दल ज्या सहजतेनं बोललं जातं आणि पाठोपाठ मराठी माणसाच्या नावानं उसासा टाकला जातो, त्याच जातीचं हे उत्तर. अमेरिकेतल्या चिनी लाँड्रीची गोष्ट हे उत्तर घासून पाहायला फार कामाची आहे, कारण ती सुरुवातीलाच त्याला अडवते. चीनमध्ये लाँड्रीच नव्हती.

१९०३ साली ली च्यू नावाच्या एका लाँड्रीवाल्यानं 'इंडिपेंडंट' या साप्ताहिकात आपली कहाणी छापून आणली. तो सांगतो की आमच्या मुलखात कपडे बायका धुतात. हा धंदा आम्ही तिथून शिकून आलेलो नाही, इथं आल्यावर अमेरिकन बायकांकडूनच शिकलो. म्हणजे ज्या कामाला अमेरिका दोन-तीन पिढ्या 'चिन्यांचा स्वभाव' म्हणत आली, ते काम त्या माणसांनी आपल्या गावी केलं असतं तर लोक हसले असते. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. परटाच्या पोटी जन्मला म्हणून परीट, हे आपण शेकडो वर्षं स्वभावाच्याच नावावर खपवलं आहे. फरक इतकाच की अमेरिकेनं बलुतेदार घडवायला तीस वर्षंसुद्धा घेतली नाहीत.

झालं असं. १८४८-४९ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुरुषांची झुंबड उडाली. बायका फारच कमी. धुणं कुणी करायचं? सदरे धुवायला जहाजानं हवाईला, अगदी कँटनलाही पाठवले जायचे. डझनाला ८ डॉलरपर्यंत दर गेला होता. पर्ल नदीच्या मुखाजवळच्या तैशान आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली चिनी माणसं तेव्हा खाणींत होती. 'गाम सान', म्हणजे सोन्याचा डोंगर, हे त्यांनी कॅलिफोर्नियाला दिलेलं नाव. पण परदेशी खाणकामगारांवर १८५० पासून कर बसला, आणि वसुलीचा सगळा जोर चिन्यांवर. मग रेल्वे आली. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडचा भाग हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचा डोंगर फोडून घातला. तो १० मे १८६९ रोजी पुरा झाला. ली यिकच्या निकालाच्या बरोबर सतरा वर्षं आधी. काम संपल्यावर हे मजूर शहरांत आले, तर गोऱ्या कामगार संघटना 'चिनी हटवा' म्हणून उभ्या. १८८२ साली काँग्रेसनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. १८८५ साली वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथं गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगार ठार मारले.

उरलं काय? जे काम गोऱ्या पुरुषाला बायकी वाटतं ते. धुणं आणि स्वयंपाक. लाँड्रीला भाषा फारशी लागत नाही, दुकान छोटं चालतं, आणि शे-दोनशे डॉलरांत बसतं: एक चूल, एक हौद, कपडे वाळवायची खोली, मागं झोपायला जागा आणि बाहेर पाटी. तिथंही सुखानं राहू दिलं नाही. १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोनं लाँड्र्यांवर तिमाही कर बसवला: एक घोडा असेल तर २ डॉलर, दोन असतील तर ४, आणि एकही घोडा नसेल तर १५. चिनी धोबी खांद्यावरच्या कावडीनं कपडे पोचवत. घोडा कुणाकडे नव्हता, हे कर लावणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

पश्चिम किनाऱ्यावर जगणं कठीण झालं तशी ही माणसं देशभर पांगली. शिकागोत पहिली चिनी लाँड्री १८७२ साली निघाली. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या कमावत्या चिनी पुरुषांपैकी दर चौघांत एक जण लाँड्रीत होता.

या दुकानात जरा आत जाऊन पाहू. पुढं एक उंच काउंटर, मागं भिंतभर फळ्या, फळ्यांवर तपकिरी कागदात दोऱ्यानं बांधलेली पुडकी. प्रत्येक पुडक्याला चिनी अक्षरांची चिठ्ठी. तिचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकाकडे. आठवड्याच्या सुरुवातीला धुणं, मग खळ, मग इस्त्री, शनिवारपर्यंत सगळा माल तयार. इस्त्री मध्यरात्रीपर्यंत चालायची. सदऱ्यांच्या कॉलरी आणि कफ म्हणजे अवघड जागेचं दुखणं, त्यांना वेगळी खळ, वेगळी इस्त्री. पाणी शिंपडायला तोंडात घोट धरून फवारा मारायचा. आपल्याकडच्या जुन्या इस्त्रीवाल्यांना असं करताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना त्या फवाऱ्याचा आवाजही आठवेल. चुलीवर तापणारी लोखंडी इस्त्री आठ पौंडांची. म्हणून हे लोक आपल्या पोटापाण्याला 'आठ पौंडांचं जिणं' म्हणायचे. झोपायचं तिथंच, कधी इस्त्रीच्या फळीखाली. रविवारी चायनाटाउनमध्ये जाऊन गावची पत्रं घ्यायची, पैसे पाठवायचे, जेवायचं, जुगार खेळायचा.

शिकागो विद्यापीठात पॉल सिऊ या चिनी संशोधकानं या लाँड्रीवाल्यांवर प्रबंध लिहिला. तो स्वतः लाँड्र्यांना लागणारा माल विकत फिरायचा, त्यामुळे त्याला मागच्या खोलीत प्रवेश होता. १९५३ साली पुरा झालेला हा प्रबंध १९८७ साली पुस्तकरूपानं आला. या माणसाचं शरीर शिकागोत आणि घर तैशानात, अशी स्थिती त्यानं नोंदवली. सगळं परतण्याच्या बोलीवर. बहुतेक परतले नाहीत.

आता संस्कृतीकडे येऊ. रक्ताची भाषा फेकून दिली म्हणून संस्कृती उरत नाही असं नाही. उरते, आणि चांगली हिशेबात दिसते. लाँड्रीसाठी लागणारे शे-दोनशे डॉलर आणायचे कुठून? गोऱ्यांची बँक दारात उभं करत नव्हती. उत्तर होतं 'हुई'. हुई म्हणजे आपली भिशी, आणि साधी नाही, बोलीची भिशी. समजा वीस जण, दरमहा प्रत्येकी १० डॉलर. पहिली उचल भरवणाऱ्याची. दुसऱ्या महिन्यापासून बोली. ज्याला निकड आहे तो चिठ्ठीवर लिहितो, मला एक डॉलर व्याज कबूल. त्याची बोली सर्वांत मोठी निघाली की ज्या अठरा जणांनी अजून उचललेली नाही ते त्याला नऊ-नऊच देतात. उचलून बसलेला पूर्ण दहा भरतो. हातात पडतात १७२ डॉलर. एवढ्यात लाँड्री उभी राहते. पुढं मात्र त्यानं शेवटपर्यंत दरमहा पूर्ण दहा भरायचे. जो सगळ्यात शेवटी उचलतो त्याला व्याज सुटतं. बँक नाही, तारण नाही, वकील नाही.

समाजशास्त्रज्ञ आयव्हन लाइट यांनी १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतल्या चिनी आणि जपानी दुकानदारीमागे ही भिशी कशी होती हे मांडलं. जपानी लोकांत तिला 'तानोमोशी' म्हणतात, कोरियन लोकांत 'क्ये'. पण ती कन्फ्यूशियसच्या मालकीची मुळीच नाही. पश्चिम आफ्रिकेत 'एसुसु' आहे, तिथून ती गुलामांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली. आणि आपल्याकडे गल्लीबोळांत, मंडईतल्या गाळ्यांत, बायकांच्या हळदीकुंकवात ती आहेच.

भिशी विश्वासावर चालते, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. आमच्या आळीत एका वर्षी भिशी बुडाली. भरवणारे काका दिसेनासे झाले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या बायकोला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. विश्वासाला असे दात लागतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी लोकांकडे ते चांगले तीक्ष्ण होते. एका तालुक्याच्या, एका आडनावाच्या माणसांच्या मंडळ्या होत्या. त्यांतल्या प्रमुख मंडळ्या मिळून 'सिक्स कंपनीज' म्हणून ओळखल्या जात. त्यांनी जहाज कंपनीशी ठराव केला होता: सगळं देणं फिटल्याचा मंडळीचा दाखला असल्याशिवाय चिनी माणसाला परतीच्या जहाजावर चढू द्यायचं नाही. मायदेशी जाऊन मरण्याची आस हेच तारण. कन्फ्यूशियसच्या वचनांपेक्षा या दाखल्याला मी जास्त महत्त्व देतो.

धंद्याचा आकार कायद्यानं किती घडवला याचा आणखी एक नमुना आहे. १८८२ च्या कायद्यात चिनी मजुरांना बंदी होती, व्यापाऱ्यांना सूट होती. व्यापारी असेल तर बायकोमुलांना आणता येई. स्वतःचं दुकान, स्वतःचं भांडवल, स्वतःची गिऱ्हाइकं असलेला लाँड्रीवाला मात्र कायद्याच्या लेखी मजूरच! कारण तो हातानं काम करतो. म्हणून लाँड्र्यांच्या मागच्या खोल्यांत पुरुषच पुरुष, आणि तैशानात त्यांच्या बायका. १९१५ साली एका न्यायालयीन निकालानं चांगल्या दर्जाच्या रेस्टॉरंटचा मालक व्यापारी ठरू लागला. लगेच चिनी रेस्टॉरंटांची संख्या झपाट्यानं वाढली, आणि ती भपकेबाजच असायची, कारण खानावळ चालली नसती. बरेच जण मिळून भांडवल घालत आणि वर्ष-दीड वर्षाच्या पाळीनं एकेक जण मुख्य व्यवस्थापक होई, म्हणजे प्रत्येकाला व्यापाऱ्याचा शिक्का मिळे आणि घरचं माणूस आणता येई. पाळीपाळीनं मालक! भिशीची रीत इथं परवान्याला लावली. अमेरिकेच्या गावोगाव चॉप सुईचं रेस्टॉरंट कसं पोचलं, याचं उत्तर चिनी माणसाच्या पाककलेत जितकं आहे तितकंच इमिग्रेशनच्या नियमांत आहे.

एकजूट म्हणतात तीही सरसकट नव्हती. १९३३ साली न्यूयॉर्क शहरानं लाँड्रीवाल्यांवर २५ डॉलरचं परवाना शुल्क आणि १००० डॉलरचा जामीन लावायचं ठरवलं. मंदीचे दिवस. चायनाटाउनवर राज्य करणारी व्यापाऱ्यांची जुनी मंडळी कामाला येईना. वर्गणी मात्र मागत होती. तेव्हा लाँड्रीवाल्यांनी त्यांना बाजूला सारून स्वतःची 'चायनीज हँड लाँड्री अलायन्स' काढली आणि शुल्क १० डॉलरवर, जामीन १०० डॉलरवर आणला. आपल्याच मोठ्यांविरुद्ध उठलेली ही संघटना 'आशियाई संस्कारां'च्या कौतुकात सहसा सापडत नाही.

त्या कौतुकाचाही इतिहास गमतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माक्स वेबर या जर्मन पंडितानं चीनमध्ये भांडवलशाही का रुजली नाही याचं उत्तर कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत शोधलं. १९७९ साली हर्मन कान या अमेरिकन भविष्यवेत्त्यानं जपान-कोरिया-तैवान पुढे का चाललेत याचं उत्तरही कन्फ्यूशियसच्याच शिकवणुकीत शोधलं. मधल्या काळात गुरू बदलला नव्हता, आकडे बदलले होते. मुळात जुन्या चिनी समाजरचनेत विद्वान पहिला, मग शेतकरी, मग कारागीर, आणि व्यापारी सर्वांत खाली. अमेरिकेत १९६६ च्या जानेवारीत विल्यम पीटरसन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिकात जपानी-अमेरिकनांच्या यशाची गाथा लिहिली, डिसेंबरात दुसऱ्या एका साप्ताहिकानं चिन्यांची. काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. 'बघा, हे लोक तक्रार न करता वर आले' हा टोला कुणाला होता, हे सांगायला नको. तक्रार न करता? सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तक्रार केली होती, पैसे जमवून.

कोरियन दुकानदारांची गोष्ट याच वळणानं जाते, फक्त वेगानं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं आशियाई लोकांना दारं उघडली. त्याच सुमारास अमेरिकेनं कम्युनिस्ट चीनचे केस असलेले टोप आयात करायला बंदी घातली. दक्षिण कोरिया टोपांचा मोठा निर्यातदार झाला, आणि नव्यानं आलेले कोरियन काळ्यांच्या वस्त्यांत टोप विकू लागले. न्यूयॉर्कमध्ये भाजी-फळांची दुकानं चालवणारे ज्यू आणि इटालियन म्हातारे झाले होते, पोरांना दुकान नको होतं. कोरियनांनी ती दुकानं घेतली. पहाटे दोन-तीनला उठून ब्राँक्समधल्या हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारात माल उचलायचा, मग दिवसभर गल्ला. यांतले कितीतरी जण सोलमध्ये पदवी घेतलेले, ऑफिसात बसलेले. तिथं किराणा दुकान टाकलं असतं तर आईवडिलांनी तोंड लपवलं असतं. इथं पदवीला किंमत नाही, इंग्रजी अडखळतं, क्ये मात्र हाताशी. २९ एप्रिल १९९२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटले आणि शहर पेटलं. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानं लुटली, जाळली गेली. नुकसान ४० कोटी डॉलरांच्या घरात. पोलीस श्रीमंत वस्त्या राखत होते. बँका आणि मोठ्या कंपन्या ज्या वस्त्या टाकून गेल्या होत्या, तिथंच ही दुकानं उभी होती. कोरियन लोक त्या दिवसाला नुसतं 'सा-ई-गू' म्हणतात. चार-दोन-नऊ, तारीख.

चिनी लाँड्री दंगलीनं मेली नाही. घराघरांत धुलाईयंत्र आलं, आणि मुलं शिकली. बापानं इस्त्री धरली ती पोरानं धरू नये म्हणूनच. लॉस एंजेलिसच्या एका लाँड्रीवाल्याची मुलगी ॲना मे वाँग लहानपणी गिऱ्हाइकांची पुडकी पोचवायची. मोठेपणी ती हॉलिवूडची तारका झाली आणि २०२२ साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आला. रक्तातच लाँड्री असती तर ती अशी एका पिढीत धुऊन निघाली नसती.

सॅन फ्रान्सिस्कोत जोन्स स्ट्रीटवर एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. तिचं नाव 'यिक वो'. खटल्याच्या स्मरणार्थ दिलेलं आहे. ते नाव दुकानाचं आहे. माणूस ली यिक होता.